नाव ॲकरमनचे, कल्पना कोणाची?

खडकांवर चढणाऱ्या रेडिओ-नियंत्रित छोट्या गाडीचा पुढचा आस बदलताना हौशी मंडळी ‘ॲकरमन’ रचनेची चर्चा करतात. हे नाव आले कोठून, ते आपण पाहू.

जुन्या चारचाकी घोडागाडीत पुढचा अख्खा आस मधल्या खिळ्याभोवती फिरे. वळताना गाडीचा आधार अरुंद होई आणि ती कलंडे. इंग्लंडमधील डॉक्टर इरॅस्मस डार्विन (चार्ल्स डार्विनचे आजोबा) यांनी १७५९च्या सुमारास उपाय सुचवला: आस स्थिर ठेवावा, प्रत्येक चाक आपापल्या खिळ्यावर वळवावे. पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. १८१६मध्ये म्युनिकचे गाडी-कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी अशीच रचना केली. त्यांचे लंडनमधील प्रतिनिधी, चित्रांचे प्रकाशक रुडोल्फ ॲकरमन, यांनी १८१८मध्ये तिचे पेटंट घेतले. नाव राहिले ते पेटंट घेणाऱ्याचे!

वळताना आतले चाक लहान वर्तुळावर चालते, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळले पाहिजे. नाहीतर चाके घसटतात. खडकांवरच्या छोट्या गाडीत मात्र एका आसाची दोन्ही चाके बहुधा एकत्र जखडलेली असतात. ती घसटणारच. तिथे अचूक कोनांपेक्षा चाके पुष्कळ वळणे महत्त्वाचे.

शाळेच्या पटांगणात एकाच केंद्राभोवती दोन वर्तुळे आखून मुलांना त्यांवरून चालवू या. कोणाला जास्त वळावे लागते, ते त्यांना कळेल. आणि ‘ॲकरमन’ म्हणताना लांकेनश्पेर्गर यांचेही नाव घेऊ या.