वर्णक्रम, कोश आणि मराठी वाचक : जपानी कोशरचनेचा एक धागा

सांगलीजवळच्या माधवनगरात बसून जपानी भाषा शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास आज शब्दार्थासाठी ग्रंथालयाची वाट धरावी लागत नाही. मोबाइलवरील कोशात शब्द घातला की अर्थ क्षणार्धात समोर येतो. परंतु तो अर्थ बहुधा इंग्रजीत असतो. असे का व्हावे, आणि त्यात मराठी भाषकाचे नेमके काय हरवते, याचे उत्तर कोशरचनेच्या इतिहासातच शोधावे लागते.

जपानी कोशांचा आजचा वर्णक्रम भारतीय वाचकास अपरिचित नाही. आ, इ, उ, ए, ओ हे स्वर प्रथम येतात. नंतर का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा पंक्ती लागतात. इ. स. ८०६ मध्ये चीनहून परतलेल्या कूकाई या भिक्षूने सिद्धम् लिपीतील ग्रंथ सोबत आणले होते. बौद्ध मठांतील या लिपीच्या अध्ययनातूनच संस्कृत वर्णमालेची शिस्त जपानी ध्वनींना लाभली. येथे 'च' वर्गाच्या जागी 'सा' आणि 'प' वर्गाच्या जागी 'हा' का, असा प्रश्न सहज उद्भवतो. 'हा' पंक्तीचा प्राचीन उच्चार 'पा' असा होता, आणि 'सा' पंक्तीचा उच्चार चकाराच्या जवळचा असावा, असे अभ्यासक मानतात. लुप्त झालेले उच्चार या क्रमात असे जतन झाले आहेत.

तथापि हा क्रम सामान्य कोशांत रुजण्यास फार काळ लागला. एका जुन्या पद्यावर आधारलेला 'इरोहा' क्रमच दीर्घकाळ प्रचलित होता. ओत्सुकी फुमिहिको यांच्या 'गेन्काई' या कोशाने (१८८९–९१) वर्णमालेचा क्रम स्वीकारला आणि पुढील कोशांस तोच वळण देणारा ठरला. तत्पूर्वी १८६७ मध्ये हेपबर्न या अमेरिकन मिशनरी वैद्याचा जपानी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला होता. मराठीत मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला. त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. दोन्ही देशांत परकीयांनी रचलेल्या या कोशांत अर्थाची भाषा इंग्रजी होती. कोश कोणासाठी रचला, हे अर्थाच्या भाषेवरून कळते.

यंत्रयुगात प्रथम लिपीचाच प्रश्न सोडवावा लागला. १९७८ च्या जपानी मानकाने सहा हजारांहून अधिक चित्रलिपी-चिन्हांस संकेतांक दिले. १९८७ मध्ये 'कोजिएन' हा विख्यात कोश तबकडीवर आला. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील जिम ब्रीन यांनी जपानी-इंग्रजी शब्दांची 'ईडिक्ट' ही मुक्त संचिका सुरू केली. तिच्यातून पुढे 'जेएमडिक्ट' उभी राहिली, आणि मोबाइलवरील अनेक कोश आज तिच्यावरच आधारलेले आहेत. इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, रशियन, डच आदी भाषांतील अर्थही तिच्याशी जोडले गेले आहेत. त्या भाषांत मराठी नाही.

ही उणीव केवळ अभिमानाची बाब म्हणून सोडून देता येत नाही. जपानीत 'ताबेते मिरु' म्हणजे शब्दशः 'खाऊन पाहणे'. 'शिते ओकु' म्हणजे 'करून ठेवणे'. 'मिरु' म्हणजे पाहणे आणि 'ओकु' म्हणजे ठेवणे. सहायक क्रियापदांची जी घडण मराठी भाषकाच्या तोंडी जन्मापासून आहे, तीच येथे आढळते. इंग्रजी अर्थातून तो 'प्रयत्न करणे' आणि 'आधी करणे' असे दोन असंबद्ध नियम पाठ करतो, आणि स्वतःच्या भाषेत असलेली किल्ली त्याला दिसत नाही. कर्त्यानंतर कर्म व शेवटी क्रियापद, नामानंतर येणारे संबंधदर्शक प्रत्यय, थोरल्या बहिणीस व भावास नावाऐवजी ताई-दादा म्हणण्यासारखी रीत, यांतही असेच साम्य आहे.

मराठी अर्थांचा असा कोश रचणाऱ्यास एक जुनाच प्रश्न नव्याने भेटतो. 'ताबेता' हे रूप घालणाऱ्यास 'ताबेरु' या मूळ शब्दाकडे नेणे यंत्रास शिकवावे लागते. 'गेला' हे रूप पाहून 'जाणे' शोधण्याची सवय मराठी कोशांच्या वाचकास आहेच. त्यामुळे विकाररूपांचा विचार करणारा मराठी व्याकरणकार या कामी परका ठरणार नाही.

महाराष्ट्रात जपानीचे अध्यापन सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात होते. शिकणारे आहेत, मुक्त शब्दसंचय आहे, आणि देवनागरी लिपीस यंत्रात आता अडथळा नाही. उरते ते अर्थलेखनाचे चिकाटीचे काम. दाते व कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध झाले, ते अशाच सामूहिक चिकाटीने. ज्या वर्णक्रमाने समुद्र ओलांडून जपानी कोशांस शिस्त दिली, त्याच वर्णक्रमाच्या भाषेत या मुक्त शब्दसंचयातील जपानी शब्दांचे अर्थ लिहावयाचे राहिले आहेत.