दारातले मूल

हुगळीकाठी, ताग गिरण्यांच्या बजबजमध्ये नेमणुकीवर असताना एका रात्री शेजारी पोलीस आले. पती-पत्नींचे म्हणणे ऐकले गेले. दारात उभ्या असलेल्या मुलाकडे आम्हां कोणाचेच लक्ष गेले नाही.

कायद्याचेही बराच काळ असेच होते. १९८३ साली भारतीय दंड संहितेत आलेल्या कलम ४९८-अ ने पत्नीचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. मुलाचा त्यात उल्लेख नव्हता. वेगळी वाट आपल्या मुंबईने दाखविली. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने तेथील पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला; प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलिसांच्या जोडीने बसू लागले. पुढे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मुलांच्या तात्पुरत्या ताब्याची तरतूद केली आणि पीडितेला तिचे हक्क सांगणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरविले. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे.

व्यवहाराची किंमत कित्येकदा त्रयस्थाला मोजावी लागते, असे अर्थशास्त्र सांगते. इथे तो त्रयस्थ म्हणजे मूल. 'घरातले भांडण' म्हणून पोलीस परतले, तर मारणे ही रीतच आहे, असे ते समजते. आईची तक्रार नोंदली गेली, तर दाद मागता येते, हे त्याला कळते. राज्यसंस्थेशी त्याची ही पहिलीच ओळख असते.