जुन्या गोव्याचे नदीवरचे दार

जुने गोवे पाहायचे तर दिवाडीहून फेरीबोटीने यावे. रस्त्याने येणारा या शहरात मागच्या दाराने शिरतो. पुढचे दार मांडवीवर आहे. विजरई फ्रान्सिस्को द गामाने १५९९ साली पणजोबा वास्कोच्या स्मरणार्थ तिथे कमान उभारली. नवा विजरई तिच्याखालूनच शहरात जाई. आजची कमान १९५४ ची बांधणी. पुढे आदिलशाही वाड्याचे काळ्या दगडाचे दार दिसते, १५१० पूर्वीच्या बंदराची खूण. साथींनी शहर ओस पडले, १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली.

आपण मात्र दिवाडीकडेही वळून पाहावे. तिथला सप्तकोटेश्वर पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्यात गेला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. विजरईची कमान सगळे बघतात. ही दुसरी नदीवाट आपणच सांगायला हवी.