न्यायाधीशाच्या नेमणुकीचा हिशेब मतपेटीत : १९३० चा लढा आणि आपण

न्यायाधीश निवडणुकीला उभा राहत नाही. मत मागायला तो कुणाच्या दारात येत नाही. त्यामुळे न्यायाधीशाची नेमणूक हा वकिलांचा विषय आणि निवडणूक हा कार्यकर्त्यांचा विषय, असा समज आपल्या चळवळीतही पक्का बसला आहे. हा समज महागात पडतो. तो कसा, हे अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या इतिहासातून नीट समजते.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतो आणि सिनेट त्याला मंजुरी देते. कोणत्या सिनेटरने कुणाच्या बाजूने मत दिले हे नावानिशी नोंदले जाते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हानॉ यांची नेमणूक ५० विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाली आणि महिन्याभरातच निवडणुका झाल्या. या वादाचा फायदा कुणाला, यावर तेव्हा खूप चर्चा झाली. प्रत्यक्षात रिपब्लिकन पक्षाच्या सिनेटमधल्या जागा वाढल्या आणि प्रतिनिधिगृह मात्र त्यांच्या हातून गेले. दोन्ही बाजूंचे मतदार पेटून उठले की असा मिश्र निकाल लागतो. म्हणून "नेमणुकीचा निवडणुकीवर परिणाम होतो का?" हा प्रश्नच अपुरा आहे. परिणाम कोण घडवून आणतो, असे विचारले पाहिजे. त्याचे उत्तर १९३० मध्ये सापडते.

पार्कर यांचे भाषण आणि एक तार

मार्च १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी नॉर्थ कॅरोलायनाचे जॉन पार्कर यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पाठवले. पार्कर संघीय अपील न्यायालयात न्यायाधीश होते आणि वकिली वर्तुळात त्यांना मान होता. नेमणूक बिनबोभाट पार पडेल असे सगळ्यांना वाटत होते.

'एनएएसीपी' ही काळ्यांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेली संघटना. तिची सूत्रे तेव्हा वॉल्टर व्हाइट सांभाळत होते. संघटनेने पार्कर यांचा पूर्वेतिहास खणून काढला. १९२० मध्ये पार्कर गव्हर्नरपदाची निवडणूक लढले होते. त्या प्रचारात त्यांनी जाहीरपणे सांगितले होते की निग्रोंचा राजकारणातला सहभाग दोन्ही वंशांना घातक आहे आणि तो आपल्या पक्षालाही नको आहे. हे वृत्त एका जुन्या वर्तमानपत्रात सापडले. संघटनेने पार्कर यांना तार करून सरळ विचारले, हे तुमचेच शब्द आहेत का? आजही तेच मत आहे का? उत्तर आले नाही.

मग संघटना कामाला लागली. व्हाइट यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. शाखाशाखांतून सिनेटरांना तारा आणि पत्रे गेली, सभा झाल्या, काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. पत्रांचा रोख स्पष्ट होता : आमचा मतदानाचा हक्क ज्याला मान्य नाही, त्याच्या हाती राज्यघटनेचा अर्थ लावण्याचे काम देऊ नका.

७ मे १९३० रोजी मतदान झाले. पार्कर यांच्या बाजूने ३९, विरोधात ४१. सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेले नाव सिनेटने फेटाळण्याची १८९४ नंतरची ही पहिलीच वेळ.

हा विजय एकट्या काळ्यांचा होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. कामगार संघटनांचा महासंघही पार्कर यांच्या विरोधात होता, कारण खाणकामगारांच्या एका खटल्यात त्यांनी मालकांच्या बाजूने निकाल दिला होता. विरोधात मत देणाऱ्यांत दक्षिणेतले काही डेमोक्रॅटही होते आणि त्यांना काळ्यांविषयी कसलेही प्रेम नव्हते. कामगार महासंघाने काळ्यांच्या संघटनेबरोबर एकत्र आघाडी केली नाही. त्या महासंघातल्या अनेक युनियनांची दारे काळ्या कामगारांना बंद होती. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता आणि १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. शत्रू एक असला तरी मित्र आपोआप मिळत नाहीत, हे तिथेही खरे ठरले.

खरी लढाई ७ मेनंतर सुरू झाली

बहुतेक चळवळी इथे थांबतात. विजयसभा होते, हारतुरे होतात, लोक घरी जातात. एनएएसीपी थांबली नाही. पार्कर यांच्या बाजूने मत देणाऱ्या ३९ जणांची यादी संघटनेच्या हाती होती. त्यातले जे उत्तरेतल्या, म्हणजे काळ्यांना प्रत्यक्ष मत देता येत होते अशा राज्यांतले होते, ते तिने लक्ष्य ठरवले.

हा 'प्रत्यक्ष' शब्द महत्त्वाचा आहे. घटनेच्या १५ व्या दुरुस्तीने १८७० मध्येच मताधिकार दिला होता. पण दक्षिणेत साक्षरतेच्या परीक्षा, मतदानासाठी भरावा लागणारा कर आणि उघड दहशत यांनी तो कागदावरच ठेवला. पहिल्या महायुद्धापासून लाखो काळी माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलँड अशा शहरांत आली आणि तिथे त्यांना मत मिळाले. १९२८ मध्ये शिकागोतून ऑस्कर डी प्रीस्ट निवडून आले, तेव्हा विसाव्या शतकात काँग्रेसच्या निवडणुकीत काळा माणूस पहिल्यांदाच विजयी झाला. म्हणजे ज्यांच्या हाती मत होते त्यांनी १९३० मध्ये ते मत हिरावलेल्यांच्या वतीने वापरले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅन्ससचे हेन्री अ‍ॅलन आणि ओहायोचे रॉस्को मॅक्युलॉक हे दोन रिपब्लिकन सिनेटर मतदारांसमोर उभे राहिले. दोघेही रिक्त जागांवर नेमले गेले होते, त्यामुळे त्या जागांसाठी ते पहिल्यांदाच लोकांचा कौल मागत होते. दोघांनीही पार्कर यांना मत दिले होते. दोघांविरुद्ध संघटनेने प्रचार केला आणि दोघेही पडले.

यातली अ‍ॅलन यांची गोष्ट विचार करायला लावणारी आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅन्ससचे गव्हर्नर असताना हेच अ‍ॅलन कू क्लक्स क्लानविरुद्ध उभे ठाकले होते. "साहेब आपलेच आहेत, एका मतासाठी त्यांना पाडायचे का?" असे म्हणणारे तिथेही असणारच. संघटनेने मात्र जुन्या उपकारांपेक्षा ताज्या मताला महत्त्व दिले.

त्या वर्षी महामंदीची झळ बसली होती आणि रिपब्लिकन पक्षाने देशभर जागा गमावल्या. त्यामुळे हे दोघे फक्त काळ्यांच्या मतांनी पडले, असा दावा करता येत नाही. पण राजकारणात धाक निर्माण व्हायला गणिती पुरावा लागत नाही. न्यायाधीशाला दिलेले मत सहा महिन्यांनी आपल्या दारात येऊ शकते, हे सिनेटरांना कळले आणि पुढच्या काही निवडणुकांतही संघटनेने ती यादी हाती ठेवली. लिंकनचा पक्ष म्हणून रिपब्लिकनांना पिढ्यान् पिढ्या डोळे झाकून मत देण्याची सवयही त्या दशकात मोडली. १९३६ पर्यंत काळ्या मतदारांचा मोठा हिस्सा रूझवेल्ट यांच्याकडे वळला होता.

माणूस पडला, पण प्रश्न राहिला

पार्कर यांच्या जागी ओवेन रॉबर्ट्स आले. १९३५ मध्ये टेक्सासमधल्या गोऱ्यांपुरत्या पक्षांतर्गत निवडणुका वैध ठरवणारा एकमताचा निकाल याच रॉबर्ट्स यांनी लिहिला. १९४४ मध्ये न्यायालयाने तो निकाल फिरवला, तेव्हा विरोधात राहिलेले एकमेव न्यायाधीशही तेच होते. दुसरीकडे, अपील न्यायालयात राहिलेल्या पार्कर यांनी १९४० मध्ये काळ्या शिक्षकांच्या समान वेतनाच्या बाजूने निकाल दिला. तेच पार्कर १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या खटल्यात शाळांमधल्या वेगळेपणाच्या बाजूने उभे राहिले.

याचा अर्थ १९३० चा लढा चुकला असा होत नाही. एक माणूस अडवला म्हणजे व्यवस्था बदलली, असे समजू नये एवढाच त्याचा अर्थ. त्या लढ्याची खरी कमाई होती ती सवय : मत कुणी कुठे दिले ते टिपून ठेवायचे आणि निवडणुकीत हिशेब मागायचा.

ही सवय १९८७ मध्ये कामी आली. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर दक्षिणेतही काळे लोक मत देऊ लागले होते. १९८६ मध्ये त्यांच्या मतांच्या बळावर दक्षिणेतून अनेक डेमोक्रॅट सिनेटर निवडून आले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट बोर्क यांचे नाव आले. नागरी हक्कांच्या कायद्यांवर त्यांनी पूर्वी घेतलेल्या भूमिकांमुळे काळ्यांच्या संघटना कडाडून विरोधात उतरल्या. दक्षिणेतल्या या नव्या सिनेटरांनी बोर्क यांच्या विरोधात मत दिले आणि ४२ विरुद्ध ५८ अशी नेमणूक कोसळली.

आपल्या रंगाचा न्यायाधीश

चार वर्षांनी डाव बदलला. थर्गुड मार्शल हे सर्वोच्च न्यायालयातले पहिले काळे न्यायाधीश. ते निवृत्त होताच राष्ट्राध्यक्ष बुश यांनी क्लॅरन्स थॉमस या काळ्या माणसाचेच नाव पुढे केले. थॉमस आरक्षणासारख्या सकारात्मक कृती धोरणांचे विरोधक होते. एनएएसीपीने विरोध केला, पण समाजात फूट पडली. आपला माणूस वर जातोय, त्याला कशाला अडवायचे? बोर्क यांना विरोध करणाऱ्या दक्षिणेतल्या सिनेटरांपैकी काहींनी ही फूट ओळखली आणि थॉमस यांना मत दिले. दरम्यान कायद्याच्या प्राध्यापिका अनिता हिल या काळ्या स्त्रीने थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करत साक्ष दिली. समितीतले चौदाच्या चौदा सदस्य गोरे पुरुष होते. नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाली.

हिशेब १९९२ मध्ये झाला. थॉमस यांना मत देणारे इलिनॉयचे सिनेटर अ‍ॅलन डिक्सन स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत कॅरोल मोझली ब्राउन यांच्याकडून हरले. ब्राउन सिनेटमधल्या पहिल्या काळ्या स्त्री ठरल्या. पण डिक्सन गेले तरी थॉमस राहिले. २०१३ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निकालाने न्यायालयाने १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणा मोडला, तेव्हा त्या पाचांत थॉमस होते.

म्हणजे नेमणुकीचा निवडणुकीवर परिणाम दोन प्रकारे होतो. एक परिणाम पुढच्या निवडणुकीत दिसतो आणि विरतो. दुसरा वीस-पंचवीस वर्षांनी येतो आणि निवडणुकीचे नियमच बदलतो. आपल्या जातीचा माणूस आणि आपला प्रतिनिधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुणे करारानंतरची राखीव जागांवरची निवडणूक पाहिलेल्या समाजाला वेगळे सांगायला नको. कांशीराम यांनी 'चमचा युग' याच विषयावर लिहिले.

बाबासाहेबांनी काय नाकारले होते?

अमेरिकेतल्या काळ्यांच्या प्रश्नाकडे बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या काळ्यांच्या अर्जाची प्रत मागितली होती. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली, तेव्हा त्यांनी अमेरिकी पद्धतीचाही विचार केला. सिनेटच्या मंजुरीत राजकीय दबाव शिरतो, म्हणून ती त्यांनी स्वीकारली नाही. सरकारच्या एकहाती मर्जीवरही नेमणूक सोडली नाही. सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करण्यालाही नकार दिला. सरन्यायाधीश हाही माणूसच, त्यालाही भावना आणि पूर्वग्रह असतात, असे त्यांचे म्हणणे होते.

१९९३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच अधिकार न्यायाधीशांच्या गटाकडे, म्हणजे कॉलेजियमकडे घेतला. संसदेने आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये रद्द झाला. परिणाम काय? न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन २०१० मध्ये निवृत्त झाल्यापासून २०१९ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई येईपर्यंत, तब्बल नऊ वर्षे, सर्वोच्च न्यायालयात एकही दलित न्यायाधीश नव्हता. आणि याचा जाब विचारायला आपल्याकडे ३९ जणांची यादीही नाही, कारण मतदानच होत नाही.

मग यादी कशाची करायची?

मार्च २०१८ आठवा. दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसे मेली. त्या दोघांपैकी एक न्यायाधीश जुलैमध्ये निवृत्त होताच त्यांना राष्ट्रीय हरित लवादाचे अध्यक्षपद मिळाले. ही नेमणूक सरकारची होती. रामविलास पासवान यांच्या पक्षाने सत्तेत असूनही ती मागे घेण्याची मागणी केली, कारण २०१९ ची निवडणूक डोळ्यांसमोर होती. नेमणूक राहिली, पण ऑगस्टमध्ये संसदेला कायदा पूर्ववत करावा लागला. रस्ता आणि मतपेटी एकत्र आल्या की काय होते, ते आपणही पाहिले आहे.

पण त्यानंतर आपण यादी ठेवली का? आपल्या संसदेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, कुणाचे नाव नोंदले जात नाही. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाते. म्हणून हिशेब पक्षाचा ठेवावा लागेल. लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ जागा राखीव आहेत. या ८४ जणांपैकी न्यायालयांच्या रचनेवर प्रश्न कुणी विचारला? मतविभागणीची मागणी कुणी केली? निवृत्तीनंतरच्या बक्षिशीवर कोण बोलले? हे सारे कामकाज संसदेच्या नोंदीत सापडते आणि संकेतस्थळावर वाचता येते. प्रत्येक तालुक्यातल्या दोन शिकलेल्या पोरांनी मनावर घेतले तर आपल्या खासदाराची पाच वर्षांची वही तयार होते.

ती वही १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बाहेर काढून उपयोग नाही. उमेदवार निळा गमछा घालून विहारात येतो आणि "मी तुमचाच" म्हणतो, तेव्हा ती उघडायची. हेन्री अ‍ॅलनही कधीकाळी क्लानविरुद्ध लढले होते.

जय भीम!