ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल : जुन्या गाडीत घरी बदलणे

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल (एटीएफ) एकाच वेळी अनेक कामे करते. टॉर्क कन्व्हर्टरमधून ते इंजिनाची ताकद पुढे नेते, दाबाने क्लच आवळते, गिअरना वंगण पुरवते आणि उष्णता वाहून नेते. त्याचा लाल रंग मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामुळे गाडीखाली पडलेला थेंब इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे ओळखता येते.

तेलाची जात. घरी काम करणाऱ्याचा खरा कस पाना चालवण्यात नव्हे, तेल निवडण्यात लागतो. जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स 1940 च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत दिला आणि 1949 मध्ये ‘टाइप ए’ हे तेलाचे मानक ठरवले. 1967 मध्ये डेक्सरॉन आले. क्लचच्या चकत्यांनी धक्का न देता पकड घ्यावी म्हणून या तेलांत स्पर्म व्हेलचे तेल घालत. व्हेल संकटग्रस्त ठरल्यावर 1970 च्या दशकात अमेरिकेत ते थांबले. त्यानंतरच्या पहिल्या पर्यायी मिश्रणांपैकी एकाने तेलाच्या कूलरमधले जोड गंजू लागले आणि मानक पुन्हा सुधारावे लागले. त्याच काळात फोर्डचे ‘टाइप एफ’ उलट्या विचारावर बेतलेले होते : चकत्यांनी चटकन पकडावे, घसरू नये. त्यामुळे ‘टाइप एफ’ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन ओतले, तर क्लच घसरून जळण्याचा धोका असतो. होंडाने जुने झेड-1 बंद करून डीडब्ल्यू-1 आणले, क्रायस्लरचे एटीएफ+4 आणखी वेगळे. डबा विकत घेण्यापूर्वी मॅन्युअल वाचावे. काही गाड्यांत तेलाचे नाव डिपस्टिकवरच कोरलेले असते.

कृती. अनेक जुन्या अमेरिकी गिअरबॉक्सना ड्रेन प्लगच नसतो. जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक 350 चा पॅन 13 बोल्टांनी बसवलेला असतो. मागचे बोल्ट आधी सैल करून पॅन तिरका केला, तर तेल एका कडेने परातीत उतरते. सगळे एकदम काढले, तर अंगावर येते. पॅनच्या तळाशी किंवा चुंबकावर बारीक करडा गाळ दिसणे साहजिक आहे. धातूचे तुकडे दिसले, तर तेल बदलून काम भागणार नाही. जळका वास क्लच झिजल्याचे सुचवतो. गुलाबी दुधाळ तेल म्हणजे बहुधा रेडिएटरमधल्या कूलरला भेग जाऊन पाणी शिरले आहे.

पॅन रिकामा झाला, तरी बरेचसे तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये उरते. एका वेळी 40 टक्के तेल निघते असे धरले, तर मध्ये गाडी चालवून तीनदा बदलल्यावर सुमारे 78 टक्के नवे होते. त्यामुळेच होंडासारख्या उत्पादकांच्या सूचनांत काढा-भरा हाच क्रम पुन्हापुन्हा येतो.

पातळी. सपाट जागेवर, तेल गरम असताना, इंजिन सुरू ठेवून आणि लीव्हर सगळ्या स्थानांतून फिरवून ‘पी’मध्ये आणल्यावर डिपस्टिक पाहण्याची रीत बहुतेक गाड्यांत आहे. होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र इंजिन बंद करून 60 ते 90 सेकंदांत पाहतात. जादा तेल फिरत्या भागांनी घुसळून फेसाळते. फेसाला दाब धरता येत नाही, मग भरलेल्या गिअरबॉक्सची वागणूक तेल कमी असल्यासारखी होते.

मतभेद. कधीच तेल न बदललेल्या, भरपूर चाललेल्या गिअरबॉक्सला हात लावावा का, यावर मेकॅनिकांचे एकमत नाही. जुन्या तेलातला गाळच झिजलेल्या क्लचला पकड देतो, असे काहींचे म्हणणे असते. मशीनने सगळे तेल एकदम फ्लश करण्यापेक्षा पॅन उतरवून थोडे-थोडे बदलणे सौम्य, असे इतर सांगतात. तेल बदलल्यावर बंद पडलेला गिअरबॉक्स आधीच मोडकळीला आलेला होता की नाही, हे नंतर ठरवणे कठीण असते.

सुरक्षा. गाडी केवळ जॅकवर असताना खाली जाऊ नये, स्टँड लावावेत.

भारतात. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या कमीच. 1990 च्या दशकातली मारुती झेनची ऑटोमॅटिक आवृत्ती त्यांपैकी एक. 2014 च्या सेलेरिओपासून पसरलेल्या एएमटी गाड्यांना वरील कृती लागू नाही. त्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो, साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप हलवते, आणि तिचे तेल वेगळे असते. काढलेले तेल गटारात न ओतता गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्यावे.