क्ष-किरण केशनाशन
क्ष-किरण केशनाशन : शरीरावरील नको असलेले केस क्ष-किरणांनी काढण्याची, आता त्याज्य ठरलेली पद्धती. व्हिएन्ना येथील लेओपोल्ट फ्रॉइंट यांनी १८९६ मध्ये एका बालिकेच्या पाठीवरील केसाळ जन्मखुणेवर हे किरण सोडले. केस गळाले, पण पुढे तेथे व्रणही झाला. एवढी सूचना खरे तर पुरेशी होती. तथापि १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत आल्बर्ट गायझर यांची ‘ट्रायको’ यंत्रे सौंदर्यप्रसाधनगृहांतून वापरात आली. ती चालविणाऱ्यांस वैद्यकीय शिक्षण नसे. किरण दिसत नाहीत व उपचाराच्या वेळी वेदनाही होत नाहीत, त्यामुळे स्त्रियांना तो निर्धोक वाटे. केशमूळ कायमचे नष्ट करणारी किरणमात्रा त्वचेसही घातक असते. त्वचाशोष, व्रण व कर्करोग हे परिणाम कित्येक वर्षांनी प्रकट झाले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९२९ मध्ये या पद्धतीचा निषेध केला. तरीही ती काही काळ चोरून चालूच होती.