बार्शी लाइट रेल्वे : तीन राजवटींतून गेलेला मार्ग

मराठी प्रदेशाच्या एकीकरणाचा इतिहास आपण परिषदा, ठराव, मोर्चे आणि हौतात्म्य यांच्या आधारे वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येण्याच्या तेहतीस वर्षे आधी लातूर, बार्शी, पंढरपूर आणि मिरज ही गावे एका लोहमार्गाने जोडली गेली होती, याकडे आपल्या सांस्कृतिक चर्चेचे फारसे लक्ष जात नाही. हे काम केले एका इंग्रज अभियंत्याने उभारलेल्या खाजगी कंपनीने. मराठी प्रदेश जोडणे हा तिचा हेतू नव्हता. मग या जोडण्याला आपण कोणता अर्थ द्यावा, असा प्रश्न आम्हांस पडतो.

जी.आय.पी. कंपनीचा मुंबई–सोलापूर मार्ग बार्शीला टाळून गेला. कुर्डुवाडीच्या स्थानकाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. म्हणजे बार्शी येथून पुढे आहे, वाट तुमची तुम्ही काढा! कापसाची मोठी पेठ असलेले गाव रुळांपासून सुमारे एकवीस मैल दूर राहिले. हे अंतर भरून काढण्याची कल्पना एव्हरार्ड कॅलथ्रॉप याची. तो १८८२ साली जी.आय.पी.च्या नोकरीत भारतात आला होता. सरकारशी दीर्घ वाटाघाटी झाल्यावर १८९५ साली त्याने कंपनी स्थापली आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी धावली.

रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. मुख्य मार्गावर ते साडेपाच फूट होते. कॅलथ्रॉपचे तत्त्व साधे होते. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरत आणि तरीही डबे लांब व भरपूर माल नेणारे करता येत. गरीब मुलखात रेल्वे परवडत नाही, या समजुतीला त्याने दिलेले हे उत्तर होते.

पुढे मार्ग दोन्ही बाजूंना वाढत गेला. १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूर, १९११ साली बार्शीहून लातूर आणि १९२७ साली पंढरपूरहून मिरज. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. यातील लातूर निजामाच्या राज्यात, बार्शी आणि पंढरपूर ब्रिटिश सोलापूर जिल्ह्यात, तर मिरज पटवर्धनांच्या संस्थानात. एकच भाषा बोलणाऱ्या पण तीन सत्तांखाली विभागलेल्या मुलखातून ही छोटी गाडी जात होती.

तथापि या जोडणीचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. लातूरकडच्या प्रवाशाला सीमा ओलांडताच नाणे निराळे, जकात निराळी आणि राज्यकारभाराची भाषाही निराळी. कुर्डुवाडीला ब्रॉडगेज आणि मिरजेला मीटरगेज गाठायची, तर गाठोड्यासह उतरावे लागे आणि मालही एका गाडीतून काढून दुसरीत भरावा लागे. मार्गाची आखणी पाहिली तर कंपनीचे अग्रक्रम स्पष्ट होतात. येडशीवरून गेलेल्या रुळांनी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे जिल्ह्याचे ठिकाण बाजूला ठेवले. कापसाच्या पेठा मात्र सोडल्या नाहीत. पंढरीची वारी मुळात पायांनी करायची. पण आषाढी-कार्तिकीची गर्दी कंपनीच्या हिशेबात भक्ती म्हणून नव्हे, वाहतूक म्हणून येत असणार. मुलूख जोडला गेला खरा, पण तो बाजाराच्या गरजेपुरता.

१९५४ साली सरकारने ही कंपनी विकत घेतली. २००० नंतरच्या दशकभरात रूळ टप्प्याटप्प्याने रुंद झाले आणि उस्मानाबादही मार्गावर आले. अरुंद गाडी गेली. तिने जोडलेली टोके मात्र राहिली.

त्यांचा खरा उपयोग कळला तो एप्रिल २०१६ मध्ये. लातूर शहर पाण्यावाचून तळमळत असताना मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर पाणी लातूरला पोचले. १९२७ साली जुळलेली हीच दोन टोके. पूर्वी या वाटेने माल गेला तो नफ्याच्या हिशेबाने. हे पाणी गेले ते एका राज्याच्या नागरिकांनी आपल्याच राज्यातील तहानलेल्यांचे देणे मानून.

आमच्या मते फरक इथेच आहे. रूळ प्रदेशाला जोडतात; पण प्रदेश ‘आपला’ होतो तो एका टोकाचे दुःख दुसऱ्या टोकाला आपले वाटू लागल्यावर. पहिले काम एका कंपनीने तीस वर्षांत उरकले. दुसरे १ मे १९६० रोजी पूर्ण झाले, असे मानून आपण निश्चिंत झालो आहोत. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी हे निश्चिंतपण तपासून पाहावे.